आधी भिंत, मग मिशी

हल्ली संध्याकाळी सातनंतर गाडी घेऊन बाहेर पडलात आणि समोरच्याला एकही शिवी न देता घरी आलात, असं कधी झालंय? खरं सांगा! माझी मुलगी शाळेत शिकवते, चारचौघांत आवाज चढवत नाही. परवा तिच्या शेजारी बसून वालीवहून तुळिंजला घरी येत होतो. समोरून एक पांढराफटक झोत आला आणि ती जे काही बोलली ते मी दिवाळी अंकात लिहू शकत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, असले लाइट बसवतं तरी कोण?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. काय सांगणार कप्पाळ! पंचवीस वर्षांपूर्वी या तालुक्यातले निम्मे तरी मीच बसवलेले.

मी सावंत, ऑटो इलेक्ट्रिशियन. वालीवला कारखान्यांच्या गल्लीत माझं गॅरेज होतं. इंजिन, ब्रेक, गिअर यांतलं मला विचारू नका. गाडीत जिथं जिथं वायर जाते तिथं तिथं मी. लोक मला 'वायरमन' म्हणायचे आणि मला ते आवडायचं. हेडलाइट हा तर माझा जीव की प्राण. संध्याकाळी गॅरेजमध्ये अंधार करून एखाद्या गाडीचा लाइट लावला आणि समोरच्या भिंतीवर तो स्वच्छ, सरळ रेघेत उमटला की मला जेवल्यासारखं व्हायचं. आमची ही म्हणायची, "गावभर उजेड पाडता, आणि घरातली ट्यूब बदलायला महिना लावता!"

ज्यांनी कधी बोनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हेडलाइटच्या एका बल्बमध्ये दोन तारा असतात. एक लांबवर सरळ उजेड टाकते, ती अपर. दुसरी खाली, रस्त्यावर टाकते, ती डिपर. समोरून कोणी आलं की अपर बंद करून डिपर लावायचा. ट्रकच्या मागे फुलं-पोपटांच्या चित्रात 'यूज डिपर ॲट नाइट' लिहिलेलं असतं ते हेच. आता हा उजेड बरोबर पडतो का, हे बघायला आमची भिंत. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची आडवी रेघ मारायची. डिपर लावला की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार बोटं खाली आली पाहिजे. वर आली तर समोरचा आंधळा झालाच म्हणून समजा. स्क्रू फिरवायचा, खाली आणायची. झालं काम.

ही भिंत मला शिकवली लालबागच्या गोविंद मिस्त्रींनी. मी त्यांच्याकडे सहा वर्षं काढली. पण मिस्त्री नुसत्या भिंतीवर कधी थांबत नसत. त्यांचं म्हणणं, "आधी भिंत, मग मिशी." म्हणजे काय, तर भिंतीवर सेट केलेली गाडी संध्याकाळी रस्त्यावर न्यायची, ड्रायव्हरला आत बसवायचं, त्याच्या डोक्यावरचा छोटा बल्ब लावायचा, आणि आपण वीस पावलांवर समोर जाऊन उभं राहायचं. डिपर चालू असताना आतल्या माणसाची मिशी दिसली तर लाइट पास. नाही दिसली तर पुन्हा भिंतीकडे. बिनमिशीचा ड्रायव्हर आला तर मिस्त्री स्वतः आत बसायचे. त्यांची मिशी मोठी होती.

मी माझं गॅरेज काढल्यावर पहिलं वर्षभर मिशी बघितली. मग धंदा वाढला आणि मला वाटायला लागलं, भिंत असताना मिशी कशाला? उगाच गाडी बाहेर काढा, रस्त्यात उभे राहा, येणारे-जाणारे हसतात. सोडली मी मिशी. या एका आळसाची गोष्ट मी आज सांगायला बसलोय.

पण त्याआधी तो काळ कसा होता ते कळायला हवं. अहो, काय दिवस होते! नालासोपाऱ्यात बिल्डिंगा उगवत होत्या, लोकांकडे पहिल्यांदाच गाड्या येत होत्या, आणि बाजारात हॅलोजन आला होता. जुना पिवळा गोळा म्हणजे समईच. हॅलोजन लावला की गिऱ्हाईक "आयला!" म्हणून उडायचं. त्या "आयला"साठी मी जगत होतो, खोटं कशाला बोलू! साध्या हॅलोजनच्या वर आणखी एक बल्ब यायचा, शंभर-नव्वदचा, म्हणजे अपर शंभर वॅट, डिपर नव्वद. कायद्यात बसत नव्हता, पण मिळायचा. नुसता लावला तर होल्डर वितळायचा, म्हणून त्याला जाड वायर आणि रिले, म्हणजे जादा करंट झेलणारा वेगळा स्विच, टाकावा लागायचा. ते काम सगळ्यांना जमत नसे. मला जमायचं, आणि त्याचा मला माज होता.

गिऱ्हाईकं तरी एकेक! बँकेतले एक साहेब नवीकोरी गाडी घेऊन आले. तेव्हा हेडलाइटच्या काचेवर वरच्या अंगाला काळा ठिपका रंगवायचा नियम होता, उजेड डोळ्यांवर जाऊ नये म्हणून. मी ब्रश घेतला तर साहेब आडवेच झाले. "नव्या गाडीला काळं फासता?" मी म्हटलं, "साहेब, बाळाला तीट लावत नाही का आपण?" तर बाई गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "लावा हो, दृष्ट तरी लागणार नाही." दोन्ही डोळ्यांना तीट लावून गाडी घरी गेली. दुसरा एक होता, त्याला लग्नाच्या वरातीसाठी जीपवर पुढे नऊ लाइट हवे होते. मी म्हटलं, बॅटरी बसेल. तो म्हणाला, बसू दे, पण नवरी दिसली पाहिजे! बसवले नऊच्या नऊ. वरात अर्ध्यावर पोचली आणि जीप बंद. पुढे सगळ्यांनी ढकलत नेली, नवरदेवानेसुद्धा.

असो. मुद्द्यावर येतो. हरिभाऊ.

हरिभाऊ चांदीपचे. पन्नाशी ओलांडलेले, उंच, आणि मिशी अशी की गोविंद मिस्त्रींनी मुजरा केला असता. चांदीप ते विरार स्टेशन त्यांची जीप चालायची. सकाळी दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, कामाला जाणारी माणसं. संध्याकाळी तीच माणसं परत. वीस-बावीस वर्षांत जीपला ओरखडा नव्हता. गावातली बाळंतीण असो, परीक्षेची पोरं असोत, हरिभाऊंच्या जीपमध्ये बसलं की पोचलंच. बोलायचे कमी. आले की म्हणायचे, "वायरमन, हिला जरा बघ," आणि बाकावर बसून राहायचे.

एकदा म्हणाले, "समोरून येनारे आता लय लाइट मारतात रे. माझा उजेड त्याच्यात बुडतो. कायतरी कर."

मी काय केलं? दुसऱ्या कोणी डोकं लावलं असतं. मी बल्ब लावला! शंभर-नव्वद, रिलेसकट. भिंतीवर सेट केला, चार बोटं खाली. हरिभाऊ खूश. महिन्याभरात त्याच रस्त्यावरचा बबन आला. बबन हा विटांचा टेम्पोवाला. चांदीपच्या पलीकडे वीटभट्ट्या होत्या. तिथून तो तुळिंजच्या बांधकामांवर विटा आणायचा. म्हणाला, "सावंतभाऊ, त्या हरिभाऊच्या जीपला काय लावलंय? माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकतात. मला पण तेच पाहिजे!" लावलं. मग बबनमुळे त्रास होणारे आणखी दोघे विटांचे टेम्पोवाले आले. त्यांनाही लावलं. म्हणजे बघा, एका अरुंद रस्त्यावर सगळे एकमेकांना आंधळं करत होते आणि सगळ्यांची हत्यारं माझ्या कारखान्यात बनत होती. मी मात्र छाती काढून सांगायचो, "माझ्या भिंतीवरून गेलेली गाडी कोणाच्या डोळ्यांत जात नाही. चार बोटं खाली!"

दिवाळी होऊन गेली होती. भाताची कापणी उरकत आली होती. एका संध्याकाळी गॅरेजच्या दारात हरिभाऊंचा मुलगा विलास आला. वालीवलाच प्लास्टिकच्या कारखान्यात तो कामाला होता. म्हणाला, "वायरमन, बाबांची जीप येत्या रविवारी विकतोय. गिऱ्हाईक बघायला येणार आहे. वायरिंग जरा नीट करून द्याल का?"

मी उडालो. "विकताय? हरिभाऊ जीप विकतायत?"

मग त्याने सांगितलं. दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी सातच्या सुमाराला विरारहून परत येताना हरिभाऊंनी जीप भरलेल्या माणसांसकट शेतात घातली होती. उतार फार नव्हता, म्हणून थोडक्यात निभावलं. जनाबाई म्हणून विरारला भाजी विकणाऱ्या बाई होत्या, त्यांचा हात मोडला. बाकीच्यांना खरचटलं. पण तेव्हापासून गावात बोलणं सुरू झालं, हरीला रात्रीचं दिसत नाही. दिवे लागले की त्यांच्या जीपमध्ये कोणी बसेना. लोक गावाच्या फाट्यावर तासभर दुसऱ्या गाडीची वाट बघायचे, आणि हरिभाऊ रिकामी जीप घेऊन त्यांच्यासमोरून घरी जायचे.

"डॉक्टरला दाखवलं?" मी विचारलं.

"दाखवलं. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने डोळे ठीक आहेत. पण बाबांचाच विश्वास नाही. म्हणतात, समोर पांढरं झालं, रस्ताच गेला. आपले डोळे गेले. वायरमन, ते चार दिवस जेवले नाहीत नीट."

मी विचारलं, "समोरून कोण येत होतं?"

"बबनचा टेम्पो."

आता माझा पारा चढला. बबनचा टेम्पो? माझ्या भिंतीवरचा? शक्यच नाही! दुसऱ्या दिवशी दुपारी बबन भट्टीकडे चालला होता, त्याला मी रस्त्यातच अडवला. "चल आत. भिंतीवर घे." शटर ओढून गॅरेजमध्ये अंधार केला, डिपर लावला. चार बोटं खाली. एक केस इकडे नाही की तिकडे नाही. बबन म्हणाला, "बघा भाऊ, मी डिपरवरच होतो. आईशप्पथ!" मी विलासला निरोप धाडला की टेम्पोचे लाइट बरोबर आहेत. म्हणजे काय सांगितलं मी? हरिभाऊंचे डोळेच गेलेत, हेच ना! माझ्या भिंतीवर शंका घ्यायला मी तयार नव्हतो, माणसावर घ्यायला होतो. हे आठवलं की अजून मला स्वतःचा राग येतो.

आणि मग आला शुक्रवार.

तो समजायला एक पाटी सांगायला हवी. माझ्या गॅरेजच्या दारावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, "भरलेली गाडी आत आणू नये." त्याला कारण घडलं होतं. एकदा एक मासळीचा टेम्पो मालासकट आत घेतला होता. त्याचं काम लांबलं, बर्फ वितळला, आणि ते पाणी माझ्या जमिनीत मुरलं. आठ दिवस गॅरेजमध्ये मांजरांची यात्रा आणि गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून! तेव्हापासून नियम म्हणजे नियम. माल उतरवा, मग या. सगळे टेम्पोवाले गाडी रिकामी करून यायचे.

शुक्रवारी संध्याकाळी सहा-साडेसहाला गल्लीच्या तोंडापासून एक हॉर्न ऐकू यायला लागला. थांबेचना. सगळ्या कारखान्यांतली माणसं बाहेर आली. बघतो तर बबन! हॉर्न चिकटला होता, टेम्पो विटांनी काठोकाठ भरलेला, आणि हा पठ्ठ्या पाटीबिटी न बघता थेट माझ्या गॅरेजमध्ये घुसला.

"अरे पाटी दिसत नाही का? भरलेली गाडी!" मी ओरडलो.

"काय?" तो ओरडला.

"भरलेली!"

"हो, बिघडलाय!"

बोंबला! मी बोनेट उघडलं आणि हॉर्नची वायर हिसकून काढली. एकदम शांत झालं. कानात नुसतं कुंईं वाजत होतं. मी बबनला झापायला मान वर केली आणि तशीच राहिली.

बबनचे लाइट चालू होते. डिपरच. समोर माझी भिंत, भिंतीवर त्याच्याच टेम्पोसाठी मारलेली माझी खडूची रेघ. आणि उजेड रेघेच्या वर! चार बोटं खाली जायला हवा तो चांगला वीतभर वर चढलेला!

"बबन," मी म्हटलं, "तू स्क्रूला हात लावलास?"

"नाही हो भाऊ."

"मग हा लाइट वर कसा?"

आम्ही दोघे भिंतीकडे बघत राहिलो. मग मी मागे जाऊन टेम्पो बघितला. विटांच्या वजनाने मागच्या स्प्रिंगांचे पाटे दबले होते, बूड खाली बसलं होतं. बूड खाली, म्हणजे तोंड वर! तोंड वर म्हणजे लाइट वर! पंचवीस फुटांवर वीतभर, तर शंभर पावलांवर किती? थेट समोरच्याच्या डोळ्यांत, आणि तोही शंभर-नव्वद वॅटचा! मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, हा टेम्पो भट्टीकडे जाताना रिकामा, दिवसाचा. परत येताना भरलेला, दिवे लागायच्या वेळेला. हरिभाऊंना तो कायम भरलेलाच भेटणार! आणि मी शहाणा, तो कायम रिकामाच तपासणार, कारण भरलेली गाडी आत आणायची नाही. तशी पाटी कोणी लावली? मीच!

आणि मिस्त्री, मिस्त्री काय सांगत होते! रस्त्यावर जा, समोर उभा राहा, मिशी बघ. एकदा जरी संध्याकाळी त्या रस्त्यावर उभा राहिलो असतो तर कळलं असतं.

मी नाचायचा बाकी होतो. खरंच सांगतो, चूक माझी होती तरी मला आनंद झाला होता, कारण हरिभाऊंचे डोळे शाबूत होते! मी बबनला म्हटलं, "उद्या संध्याकाळी सहाला चांदीपच्या शाळेसमोर. विटांसकट. त्या दोघा टेम्पोवाल्यांनाही घेऊन ये."

"कशाला?"

"तुमची तोंडं खाली करायला!"

तसाच स्कूटरला किक मारली आणि चांदीपला गेलो. हरिभाऊ पडवीत बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. भिंत, विटा, पाटे, वीतभर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू माझ्या मनाचं समाधान करतोस, वायरमन. ऱ्हाऊ दे. परवा गिऱ्हाईक येतंय."

मी म्हटलं, "उद्या सहाला शाळेसमोर जीप आणा. नाही पटलं तर मी स्वतः तुमच्या गिऱ्हाइकाला चहा पाजीन."

शनिवारी सहा वाजता मराठी शाळेसमोर ही गर्दी! बबनने रस्ताभर दवंडी पिटल्यासारखी बातमी नेली होती. मी शाळेच्या भिंतीवर रेघा मारल्या. तीन टेम्पो विटांसकट, एकामागून एक. दिवेलागण झाली, पहिला डिपर लागला आणि सगळ्या गावाने बघितलं, उजेड रेघेच्या वर, भिंतीवरच्या बाराखडीवर पडलेला. मी ओरडून सांगितलं, "हा उजेड हरिभाऊंच्या डोळ्यांत गेला! हा बल्ब मी बसवला! हा लाइट मी सेट केला, रिकाम्या गाडीवर! हरिभाऊंचे डोळे चांगले आहेत. चूक माझी आहे!"

मग मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "म्हंजे आंधळा हरी नव्हता, वायरमन होता व्हय?"

एकच हशा पिकला. मीही हसलो. काय करणार, खरं होतं ते.

तिन्ही टेम्पोंचे शंभर-नव्वद बल्ब काढले, साधे बसवले, आणि भरलेल्या वजनावर स्क्रू फिरवून उजेड खाली आणला. बबन कुरकुरला, "रिकामा असताना जवळचंच दिसेल, भाऊ." मी म्हटलं, "रिकामा तू दिवसाच जातोस. आणि नाहीच दिसलं तर हळू चालव!"

मग आली हरिभाऊंची जीप. तिचेही बल्ब बदलले. आता सेट करायची, तर नियम तोच. भरलेली हवी. टेम्पोचं वजन विटांचं, जीपचं वजन माणसांचं. मी वळून म्हटलं, "चला, दहा-बारा जण आत बसा!"

कोणी हललं नाही.

जीप जागची हलणार नव्हती. शाळेच्या अंगणात उभी होती, इंजिनही बंद. तरी कोणी हललं नाही. दिवे लागले होते ना! लोक जमिनीकडे बघत होते. हरिभाऊंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. विलास माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सोडा, वायरमन. दगड-गोणी भरू." गर्दी जमवून मी त्या माणसाला सगळ्या गावासमोर उघडं पाडलं होतं.

तेवढ्यात बायकांतून एक ठसठशीत आवाज आला. "सरा की बाजूला! गोनी कशाला? मी काय कमी वजनाची हाय?"

जनाबाई! डाव्या हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी, उजव्या हाताने गर्दी बाजूला सारत आल्या. जीपच्या मागच्या पायरीवर पाय ठेवला आणि वळून सगळ्यांना म्हणाल्या, "त्या दिशी हात माझा मोडला, तुमचा नाय. अंधारात मला उचलून वर रस्त्यावर कोनी आनलं? यानंच ना? डोळे नव्हते तर मी सापडले कशी याला?"

आणि बसल्या. जीप त्या बाजूला जरा कललीच! पोरं हसली. मग तो मला आंधळा म्हणणारा म्हातारा उठला, त्याच्यामागे दूधवाले दोघे, मग बायका, मग जागा उरली नाही तरी लोक शिरतायत! मी ओरडतोय, "अरे पुरे, पुरे! टपावर नको!" भिंतीवर उजेड हळूहळू वर चढला. मी स्क्रू फिरवला. आला खाली. चार बोटं. फिट्ट!

"उतरा आता," मी म्हटलं.

"का उतरायचं?" आतून जनाबाई म्हणाल्या. "बसलोय तर फाट्यापर्यंत फिरवून आन, हरी. पंधरा दिवस झाले, टमटमच्या मागं लोंबकळून माझा दुसरा हात पन निघायला आलाय."

हरिभाऊंनी एकदा मागे वळून बघितलं आणि चावी फिरवली. विलास पळत जाऊन पायरीवर चढला. "बाबा, उद्या त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांग, जीप भाड्यानं गेली," हरिभाऊ म्हणाले.

जीप गेली. तिच्यामागे बबन भरलेला टेम्पो घेऊन निघाला. मी अंगणात खडूने पांढरे झालेले हात पुसत उभा होतो आणि एकदम आठवलं, अरे, अर्धीच परीक्षा झाली! मी रस्त्यावर धावलो. चांगलं अंधारून आलं होतं. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, मध्ये तो अरुंद रस्ता. मी कडेला उभा राहिलो.

दूर फाट्याच्या बाजूने दोन दिवे आले. डिपर. मी डोळ्यांवर हात धरला नाही, मुद्दाम उघडे ठेवले, आणि ते टिकले! उजेड माझ्या पायांवर पडला, गुडघ्यांवर आला, तिथंच राहिला. चाळीस पावलं. तीस. मी जोरात ओरडलो, "हरिभाऊ, वरचा बल्ब लावा!"

वीस पावलांवर जीप थांबली. आत डोक्यावरचा छोटा बल्ब लागला.

मिशी दिसली! मिस्त्री, शपथ घेऊन सांगतो, एकेक केस दिसला. आणि मिशीच्या खाली पंधरा दिवसांनी त्या माणसाचे दात दिसत होते.